नाव एकच, मुलुख तीन: भाचीच्या एम.आर्क.चा निर्णय

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. "मावशी, तिन्हीकडून होकार आलाय. आता काय करू?"

तिन्हीकडून म्हणजे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातून, इटलीतल्या मिलान पॉलिटेक्निकच्या मांतोव्हा इथल्या कॅम्पसमधून आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका खासगी विद्यापीठातून. तिन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे. नातेवाइकांत सांगताना तिन्हींना एम.आर्क., म्हणजे वास्तुकलेची पदव्युत्तर पदवी, असंच म्हटलं जात होतं. अमेरिकेला १५ एप्रिलच्या आत कळवायचं होतं, म्हणजे हातात जेमतेम तीन आठवडे.

मी सोलापुरात आर्किटेक्ट म्हणून काम करते. दर वर्षी दोन-चार मुलंमुली हाच प्रश्न घेऊन ऑफिसात येतात आणि बहुतेकांच्या हातात रँकिंगची यादी असते. त्या यादीचा मला आजवर फारसा उपयोग झालेला नाही. या एका निर्णयात मात्र मी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत होते. माझं मत त्यात टिकलं नाही, आणि का टिकलं नाही हे समजायला मला वेळ लागला. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

प्रश्न कुठून आला

ताईचं आणि माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं, औसा तालुक्यात, किल्लारीपासून जवळ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आदल्या रात्रीचं गणपती विसर्जन आटोपून गाव नुकतंच झोपलेलं असताना भूकंप झाला. मी पुण्यात हॉस्टेलवर होते. आमचं घर माळवदाचं. अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आत लाकडी खांबांचे खण, वर तुळया, फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. गळती थांबवायची म्हणून पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती चढायची, आणि डोक्यावरचं ओझं वर्षागणिक वाढत जायचं. त्या पहाटे भिंती ढासळल्या, पण खण उभे राहिले. आजी त्या खणांत झोपली होती म्हणून वाचली. शेजारच्या घरात माळवदाचा भार थेट भिंतींवर होता. तिथलं कुणीच वाचलं नाही.

पुढे ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली. आमचं गाव जागेवरच राहिलं. भाचीचा जन्म त्यानंतर सात वर्षांनी, त्यामुळे हे सगळं तिने ऐकलेलंच. पुण्यात बी.आर्क. झाल्यावर तिने दोन वर्षं जुन्या वाड्यांची दुरुस्ती करणाऱ्या एका ऑफिसात काम केलं. चुना कसा भिजवायचा, गवंड्याच्या हातातला दगड कसा बसतो, हे ती तिथे शिकली. आणि तिथेच तिचा प्रश्न पक्का झाला: दगडमातीची जुनी भिंत न पाडता, भूकंपात खालचा माणूस मरणार नाही इतकी भक्कम कशी करायची?

आमच्या भागात लोकांनी याचं उत्तर आपल्या परीने शोधलं आहे. माळवद उतरवायचं आणि त्याच जुन्या भिंतींवर आरसीसी स्लॅब टाकायचा. घर पक्कं झालं असं वाटतं. मला ते बघून धडकी भरते.

घरची परिस्थिती सांगायला हवी, कारण निर्णय हवेत होत नाहीत. भाऊजी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक, निवृत्तीला तीन वर्षं. लातुरात एक घर, गावाकडे चार एकर कोरडवाहू. धाकटा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

अमेरिका चार दिवसांत का सुटली

न्यू जर्सीतले तिचे काका आग्रही होते. राहायची सोय त्यांच्याकडे होती आणि त्यांचं प्रेम खरं होतं. पण आमच्याकडे आणि तिकडे एम.आर्क. या शब्दाचा अर्थच वेगळा आहे, हे आधी समजून घ्यावं लागलं.

भारतात पाच वर्षांचं बी.आर्क. झालं की १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टखाली वास्तुकला परिषदेत नोंदणी करता येते आणि काम करायचा हक्क मिळतो. एम.आर्क.ने त्या हक्कात भर पडत नाही. एका विषयात खोली येते, आणि कॉलेजात शिकवायचं असेल तर ती पदवी लागते. अमेरिकेत परवान्याचा नेहमीचा रस्ता 'नॅब' या मंडळाने मान्य केलेल्या व्यावसायिक पदवीतून जातो, आणि एम.आर्क. हे त्या पदव्यांपैकी एक. आपलं बी.आर्क. त्या यादीत नाही. तिथल्या विद्यापीठांत मग दोन जातींचे अभ्यासक्रम असतात. एक मान्यताप्राप्त एम.आर्क., ज्यात आधीच्या शिक्षणाची सूट मिळून वर्षं कमी होऊ शकतात. दुसरा, आधीच आर्किटेक्ट असलेल्यांसाठीचा पुढचा अभ्यासक्रम, ज्याला ती मान्यता नसते. जाहिरातीत दोन्ही सारखेच दिसतात. भाचीच्या हातातलं पत्र दुसऱ्या जातीचं होतं. ते घेऊन परवाना मिळतच नाही असं नाही. पण आधी भारतातल्या शिक्षणाची तपासणी करून घ्यायची, मग ३,७४० तासांचा अनुभव नोंदवायचा आणि सहा भागांची परीक्षा द्यायची.

कामाच्या परवानगीचंही तसंच. पदवीनंतर १२ महिने सर्वांना मिळतात. त्यावरचे २४ महिने अभ्यासक्रमाच्या सरकारी कोडवर ठरतात. तो कोड तंत्रविज्ञानाच्या यादीत असेल तरच वाढ मिळते, अभ्यासक्रमाचं नाव काहीही असो. मी तिला म्हटलं, सरळ ई-मेल करून कोड विचार. उत्तर आलं: यादीत नाही. म्हणजे शिकणं-राहणं मिळून कोटीच्या पुढे जाणाऱ्या खर्चासमोर एका वर्षाची खात्री.

याखेरीज अभ्यासक्रम डिजिटल डिझाइनचा होता. तो चांगलाच असेल. पण तिच्या भिंतीचा त्यात मागमूस नव्हता. काकांना वाईट वाटलं. भाऊजींनी स्वतः फोन करून त्यांची समजूत काढली.

(इंग्लंडचा विचार करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. तिथे आर्किटेक्ट होण्यासाठी पार्ट १, २, ३ अशा पायऱ्या आहेत. एका वर्षाची एम.ए. घेतली म्हणजे पार्ट २ झाला असं नसतं.)

मांतोव्हा: माझा हट्ट

मला तिने इटलीला जावं असं मनापासून वाटत होतं. कारण सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी पंधरा दिवस उंब्रिया भागात फिरले होते. डोंगरावरची दगडी गावं. घरांच्या दर्शनी भिंतींवर जागोजागी लोखंडी पट्ट्या आणि चकत्या दिसायच्या, बंडीला गुंड्या लावाव्यात तशा. प्रत्येक चकतीमागे एक लोखंडी सळई खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेली असते आणि दोन्ही भिंतींना एकमेकींपासून सुटू देत नाही. शेकडो वर्षं ते हेच करत आले आहेत.

पण खरी शिकण्याची गोष्ट त्यांच्या चुकीत आहे. १९८० च्या, दक्षिण इटलीतल्या इर्पिनिया भूकंपाच्या आगेमागे तिथे एक समज घट्ट झाला की जुन्या दगडी घरांतली लाकडी तक्तपोशी काढून काँक्रीटचे स्लॅब आणि तुळया घातल्या की घर सुरक्षित होतं. नियमांचाही कल तिकडेच होता. असंख्य घरं तशी 'सुधारली' गेली. मग २६ सप्टेंबर १९९७ ला उंब्रिया-मार्केमध्ये भूकंप झाला. वरचा स्लॅब जड आणि ताठ, खालची भिंत दुबळ्या दगडांची. अशा कित्येक घरांत स्लॅब अखंड राहिला आणि त्याखालची भिंत फुटून बाहेर पडली. त्याच दिवशी असिसीच्या सेंट फ्रान्सिस बॅसिलिकाच्या छताचा भाग कोसळून चार माणसं गेली. तपासात पुढे आलेल्या कारणांपैकी एक म्हणजे कमानींच्या वर वर्षानुवर्षं साचलेला राडारोडा. हे कळलं तेव्हा मला आमच्या माळवदावरची माती आठवली.

त्यानंतर त्यांनी विचार बदलला. २०११ मध्ये तर वारसा इमारतींच्या भूकंपसुरक्षेसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाच काढल्या: आधी भिंत आतून कशी आहे ते समजून घ्या, मग हात लावा, आणि लावाल तो कमीत कमी. आज औसा-उमरग्याकडे जी चूक रोज होते आहे ती त्यांनी करून, मोजून, लिहून ठेवली आहे. मला वाटत होतं, पोरीने तिथेच जावं.

पैशाचीही अडचण नव्हती. मिलान पॉलिटेक्निक सरकारी आहे, पूर्ण फीसुद्धा वर्षाला चार हजार युरोच्या आत. शिवाय घरच्या उत्पन्नावर मिळणारी शिष्यवृत्ती असते. तीत फी माफ होते आणि राहण्या-जेवणासाठी रक्कम मिळते. फक्त पहिल्या वर्षात ठरलेले क्रेडिट पदरात पडायला हवेत, नाहीतर ती थांबते. भाऊजींनी त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, घराचे कागद, शेताचा सातबारा असं सगळं गोळा करून भाषांतराला देण्याची तयारीही केली होती. चार एकरांचा सातबारा इटालियनमध्ये कसा दिसेल याचं त्यांना कौतुक वाटत होतं.

भाचीने तोवर एक काम शांतपणे केलं होतं. अभ्यासक्रमाचा विषयवार तक्ता उघडून ती एकेका विषयाचे क्रेडिट मांडत बसली होती. दोन वर्षांचे १२० क्रेडिट. अभ्यासक्रमाचं नावच मुळात 'वास्तुरचना आणि इतिहास'. जुन्या वस्तीत नवी इमारत कशी घालावी, हा त्याचा गाभा. ती म्हणाली, "मावशी, देशाला येतं ते या कोर्सला येतंच असं नाही."

मी गप्प झाले. मी इटलीची निवड करत होते, तिला मात्र एका विशिष्ट वर्गात दोन वर्षं बसायचं होतं.

पुढचे मुद्देही तिचेच. मांतोव्हा पो नदीच्या सपाट खोऱ्यातलं गाव, तिथलं जुनं बांधकाम मुख्यतः विटांचं. उंब्रियातली दगडी गावं तिथून कितीतरी दूर. वर्ग इंग्रजीत असला तरी नगरपालिकेचे जुने नकाशे, दुरुस्तीचे अहवाल, गवंड्याशी बोलणं, सगळं इटालियनमध्ये. आणि १९२५ च्या फर्मानापासून तिथे वारसा इमारतींवरचं काम आर्किटेक्टनेच करायचं असा कायदा आहे. आर्किटेक्ट म्हणून हा मोठा मान आहे. पण तो मिळवायला तिथली राज्य परीक्षा, तीही त्यांच्या भाषेत. भाचीला तिथे स्थायिक व्हायचं नव्हतं.

भाऊजी मध्ये पडले. म्हणाले, "बाहेर गेल्याशिवाय मोठं काम होतं का?" मी लगेच कोकणातल्या आचऱ्याच्या, आर्किटेक्ट अच्युत कानविंद्यांचं उदाहरण दिलं. मुंबईच्या जे.जे.तून शिकून ते चाळीसच्या दशकात हार्वर्डला आर्किटेक्ट ग्रोपियसकडे गेले आणि परत येऊन अहमदाबादची कापड संशोधन संस्था 'अटिरा', कानपूरची आयआयटी अशी कामं उभी केली. भाची म्हणाली, "त्यांना तिथून नवी दृष्टी आणायची होती, नवा देश बांधायचा होता. माझी भिंत इथे आहे. मला तिच्याजवळ राहून शिकायचंय."

एक चूक

इथे एक गोष्ट नोंदवते, कारण ती टाळता आली असती. भाचीने गेट, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा, दिली नव्हती. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाड्याच्या एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर), आयआयटी रूरकी या सरकारी संस्थांचा एम.आर्क.चा मुख्य रस्ता गेटच्या वास्तुकला पेपरमधून जातो, आणि त्या गुणांवर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. रूरकीला तर भूकंप अभियांत्रिकीचं शिक्षण १९६० पासून आहे. एकाच आवारात आर्किटेक्चर आणि भूकंप! तिच्या प्रश्नाला याहून जवळची जागा देशात क्वचितच असेल. परीक्षा फेब्रुवारीत होऊन गेली होती. आम्ही दोघी परदेशाच्या पोर्टफोलिओत इतक्या गुंतलो होतो की अर्ज भरायची तारीख कधी गेली ते कळलंच नाही. गेटचे गुण तीन वर्षं चालतात, त्यामुळे ती नोकरीत असतानाच देऊन ठेवायला हवी होती. हे मी तिला सांगायला हवं होतं.

अहमदाबाद

सेप्टची सुरुवात १९६२ ची, बाळकृष्ण दोशींनी उभ्या केलेल्या वास्तुकला विद्यालयातून. दोशी मूळचे पुण्यात जन्मलेले, जे.जे.त शिकलेले. भाचीला प्रवेश मिळाला होता तो वारसा जतनाच्या एम.आर्क.ला. फी सरकारी संस्थांपेक्षा बरीच जास्त, तरी वसतिगृहासकट सगळं धरून अमेरिकेच्या खर्चाच्या जवळपासही नाही.

माझी शंका अशी होती की ते शहर विटांचं आणि लाकडाचं, आपला काळा दगड तिथे कुठून असणार? मांतोव्हाला विटांचं गाव म्हणून नाकारायचं आणि अहमदाबादला स्वीकारायचं, हे मला पटेना. भाचीने दोन कारणं दिली.

पहिलं लाकडाचं. अहमदाबादच्या पोळांतल्या, म्हणजे गल्लीबोळांच्या जुन्या वस्त्यांतल्या, घरांत विटांच्या भिंतीत आडवी लाकडं गुंफलेली असतात. २००१ च्या कच्छच्या भूकंपात त्या शहरात बहुमजली नव्या इमारती कोसळल्या. जुन्या पोळांत नुकसान झालं, पण लाकडाने बांधलेल्या भिंती धरून राहिल्याची उदाहरणं तिथे शिकवली जातात. आजीला वाचवणारे खण आणि ही लाकडं, दोन्ही एकाच शहाणपणातून आली आहेत, असं तिचं म्हणणं. शिवाय कच्छ जवळ. तिथली 'भुंगा' नावाची गोल घरं आणि भूकंपानंतर झालेली मातीची बांधकामं विद्यार्थ्याला एका रात्रीच्या प्रवासावर.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. युरोपात जतनाचा विचार १९६४ च्या व्हेनिसच्या जाहीरनाम्यावर उभा राहिला: मूळ द्रव्य जपा, नवं घातलं तर ते नवं म्हणून ओळखू येऊ द्या. आपल्याकडे २००४ मध्ये 'इन्टॅक' या वारसा जपणाऱ्या संस्थेने वेगळा जाहीरनामा केला. ज्या वास्तू अजून वापरात आहेत आणि ज्या बांधणारे कारागीर अजून हयात आहेत, तिथे त्या कारागिराची परंपरा हाच वारसा, असं तो मानतो. माळवदाचं घर संग्रहालय नाही. त्यात माणसं राहतात, म्हैस बांधलेली असते, मुलाचं लग्न ठरलं की एक खोली वाढते. त्या घराला कोणता विचार लागू करायचा, हे ठरवायला भारतात बसून भांडावं लागेल, असं ती म्हणाली. ज्या शहराची जुनी वस्ती २०१७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली आणि जिथे लोक अजून त्या घरांत राहतात, भाडी थकवतात, गच्चीवर पत्रे टाकतात, तिथे हे भांडण रोज चालू असतं. आता रायगड-पन्हाळ्यासारखे अकरा किल्लेही महाराष्ट्रातून त्या यादीत गेले आहेत. हे भांडण आपल्या दाराशी आलंच आहे.

तिने सेप्टच्या दोन माजी विद्यार्थ्यांना फोन करून एकच गोष्ट विचारली: शेवटच्या सत्रातल्या कामाची जागा मी निवडू शकते का? हो, मार्गदर्शकाला पटवलं तर. त्यावर तिचं ठरलं. ८ एप्रिलला तिने अमेरिकेला नकार कळवला आणि त्याच आठवड्यात मांतोव्हालाही.

मला अजूनही वाटतं की तिने काहीतरी गमावलं. भिंतीत सपाट जॅक घालून तिच्यावरचा ताण मोजणं, ध्वनिलहरींनी आतली पोकळी ओळखणं, अशी चाचण्यांची जी शिस्त इटलीत आहे ती रोजच्या सवयीची व्हायला तिथेच राहावं लागतं. यावर आमची एक तडजोड झाली आहे. पोर्तुगालचं मिन्हो विद्यापीठ पादुआ, बार्सिलोना आणि प्रागच्या विद्यापीठांबरोबर ऐतिहासिक बांधकामांच्या संरचनेवर एका वर्षाचा प्रगत अभ्यासक्रम चालवतं, २००७ पासून. तो अभियंत्यांसाठी बेतलेला आहे, आर्किटेक्टला गणित पक्कं करून जावं लागतं. एम.आर्क. संपल्यावर तिथे अर्ज करायचा आणि जे. एन. टाटा एंडोमेंटच्या कर्ज-शिष्यवृत्तीसाठीही प्रयत्न करायचा, असं तिने मला कबूल केलंय. सध्या रविवारी ती संरचनेचं जुनं पुस्तक घेऊन बसते.

आता ऑफिसात कुणी तीन पत्रं घेऊन आलं की मी रँकिंगचा कागद बाजूला ठेवते आणि विचारते, तुझ्या शेवटच्या सत्राची जागा कुठली असेल? काहींना ते सांगता येत नाही. त्यांना मी वर्षभर नोकरी करायला सांगते, आणि गेटचा अर्ज भरायला.

दिवाळीच्या सुट्टीत भाची गावी आली होती. आमच्या चुलत्यांचं घर अजून माळवदाचं आहे, पुढच्या उन्हाळ्यात त्यावर स्लॅब टाकायचं घाटत होतं. तिने मागच्या पडक्या खोलीची भिंत मोजायला घेतली. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात. ७० सेंटिमीटर जाडी, बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये माती आणि खापरं. भिंतीच्या आरपार जाणारा, दोन्ही थरांना बांधणारा दगड एकही नाही. तिने प्रत्येक मीटरवर खडूने फुल्या मारल्या. चुलते बघत होते. "हे काय करतेस गं?" म्हणाले. "आजोबा, इथे एकेक लांब दगड घालायचा. स्लॅबचं त्यानंतर बोलू." ते थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "लांब दगड वड्याच्या खाणीत मिळंल. उद्या ट्रॅक्टर घेऊन जातो."